कांदोंबे शिकवायचं तर: तीन ढोल, दहा आठवडे आणि एक रिकामी मात्रा

चिको हा कांदोंबेतला, म्हणजे उरुग्वेच्या तीन ढोलांच्या सामूहिक वादनातला, सगळ्यात लहान ढोल. त्याचं वादन सांगायला अर्धं मिनिट पुरतं. चार मात्रा धरायच्या, पहिली रिकामी सोडायची, पुढच्या तीन वाजवायच्या. मग पुन्हा पहिली रिकामी. तासभर हेच. तरीही नवखा माणूस पाच मिनिटांत घसरतो. स्वतःचा पहिला ठोका हीच त्याला सम वाटायला लागते आणि रिकामी मात्रा सरकून शेवटी जाते. हात अजून बरोबर असतात, कान चुकलेले असतात. मग शेजारचे दोन ढोल आत आले की सगळा डोलारा कोसळतो.

बार्सिलोनात नोकरीला होते तेव्हा तिथल्या उरुग्वेच्या मंडळींच्या गटात मी तीन वर्षं वाजवलं. पहिले दोन महिने माझी अशीच घसरगुंडी चालली होती. एके दिवशी शिक्षिकेने माझा ढोल काढून घेतला आणि मला गल्लीतून नुसतं चालायला लावलं. दर चार मात्रांना एक पाऊल. दहा मिनिटं चालल्यावर ढोल परत गळ्यात अडकवला, आणि कोडं सुटलं. जी मात्रा चिको वाजवत नाही ती पायात असते. चालणाऱ्याच्या पायात, आणि शेजारच्या मोठ्या ढोलात.

पुढे ठाण्यात सोसायटीच्या सभागृहात मी दहा-बारा जणांचा गट सुरू केला. ढोल शिकवून माणसं एकमेकांशी जोडली जातात, मन हलकं होतं, वगैरे मी ऐकून होते. पण ते होतं कशामुळे, याचं सर्वांत पटणारं उत्तर मला त्या रिकाम्या मात्रेत मिळालं. कांदोंबेत एकट्याचं वादन पुरं होतच नाही, आणि शिकवणाऱ्याने ते पुरं होऊही द्यायचं नाही. खाली लिहिलेल्या पायऱ्यांमागे एवढी एकच गोष्ट आहे.

हा लेख कुणासाठी? ज्यांना लय धरता येते आणि गट चालवायचा आहे त्यांच्यासाठी. तबला-ढोलकी वाजवणारे, पथकात ताशा धरलेले, शाळेतले संगीतशिक्षक, समुपदेशक. स्वतः कांदोंबे वाजवणाऱ्या माणसाकडून निदान काही महिने शिकून घ्या, मगच दुसऱ्याला शिकवायला उभे राहा. पडद्यावर बघून ठोके कळतात, ढोलांचं आपसातलं बोलणं कळत नाही.

आधी हे कुणाचं, ते सांगा

हा भाग ढोलांना हात लावण्याआधी येतो. तो टाळून मी एक सबंध शिबिर घेतलं होतं. लोक खूश होऊन घरी गेले आणि त्यांच्या दृष्टीने ते ‘काहीतरी आफ्रिकन’ होतं. तसं होऊ देऊ नका.

कांदोंबे मॉन्टेव्हिडिओचं, म्हणजे उरुग्वेच्या राजधानीचं. गुलाम म्हणून जहाजांतून आणलेल्या आफ्रिकन माणसांचं आणि त्यांच्या वंशजांचं. वसाहतीच्या काळात ही माणसं सुटीच्या दिवशी एकत्र जमायची, वाजवायची, नाचायची. सत्ताधाऱ्यांना ते खपेना. १८०७ मध्ये मॉन्टेव्हिडिओत या ढोल-मेळ्यांवर बंदीचा हुकूम निघाला. बंदी फक्त तिथेच आली असं नाही. त्याआधी, १७४० मध्ये, दक्षिण कॅरोलिनाच्या कायद्याने गुलामांना ढोल बाळगायची मनाई केली होती, कारण आदल्या वर्षी गुलामांनी केलेल्या स्टोनोच्या बंडात ढोल वाजले होते. ढोलाने माणसं गोळा होतात, हे मालकांनाही नीट कळलं होतं.

उरुग्वेत १८४२ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. पुढे ही कुटुंबं बारिओ सुर आणि पालेर्मो या वस्त्यांमधल्या चाळींत राहू लागली. चाळ हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. मधे अंगण, भोवती खोल्या, सामायिक नळ आणि मोरी. गिरगावात वाढलेल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्यांतली सर्वांत गाजलेली चाळ मेदिओमुंदो, म्हणजे ‘अर्धं जग’. लष्करी हुकूमशाहीने ती रिकामी करवली. ३ डिसेंबर १९७८ रोजी रहिवाशांनी तिथे अखेरचे ढोल वाजवले, आणि मग चाळ पाडली गेली. पालेर्मोतल्या आन्सिना वस्तीचीही तीच गत झाली. माणसं शहराच्या कडेकडेला विखुरली. पण ती गेली तिकडे ढोलही गेले, आणि जे दोन-तीन वस्त्यांचं होतं ते हळूहळू अख्ख्या शहरात पसरलं. २००६ मध्ये उरुग्वेने कायदा करून ३ डिसेंबर हा कांदोंबेचा राष्ट्रीय दिवस ठरवला. तारीख चाळीच्या शेवटच्या वादनाची निवडली, कुठल्या विजयाची नव्हे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

२००९ मध्ये युनेस्कोने कांदोंबे मानवी वारशाच्या यादीत घेतलं. त्या नोंदीच्या नावात नुसता ताल नाही. कांदोंबेचा ‘सामाजिक-सांस्कृतिक अवकाश’ आणि ‘समाजाचा व्यवहार’ असे शब्द आहेत. म्हणजे चाळ, गल्ली, शेकोटी, शेजारी हे सगळं धरून.

गटाला हे एका बैठकीत सांगून टाकू नका, भाषण होतं. दर आठवड्याला पाच मिनिटं, एकेक तुकडा सांगा. आणि एक अवघड तुकडाही सांगा. मॉन्टेव्हिडिओच्या कार्निव्हलमध्ये एकोणिसाव्या शतकापासून गोरी माणसं तोंडाला काळा रंग फासून ढोल वाजवत आली. त्यांना ‘लुबोलो’ म्हणतात, आणि ढोलपथकांच्या स्पर्धा-विभागाच्या नावात तो शब्द आजही आहे. बाहेरच्या माणसाने या परंपरेत शिरण्याचा इतिहास असा रंगवलेला आहे. आपणही बाहेरचेच. तेव्हा वेषभूषा नको, रंगरंगोटी नको. ग्रामिशेरो हा मिरवणुकीतला म्हातारा, झाडपाल्याचा वैद्य, थरथरत्या पायांनी काठी आणि औषधाची पेटी घेऊन नाचतो. त्याची हौशी नक्कल तर मुळीच नको.

तीन ढोल आणि ते नसतील तर

चिको लहान आणि उंच आवाजाचा. रेपीके मधला, बडबड्या. पियानो सर्वांत मोठा, खर्जातला. आपल्या पेटीच्या भावंडाशी त्याचा काही संबंध नाही. तिन्ही ढोल पिंपासारखे, उभ्या फळ्या जोडून केलेले, एकाच तोंडाचे, खांद्यावरून पट्ट्याने लटकवलेले. एका हातात काठी, दुसरा हात उघडा. काठी कातड्यावर पडते तशी ढोलाच्या लाकडी अंगावरही पडते. त्या लाकडावरच्या वादनाला मादेरा म्हणतात, म्हणजे सरळ ‘लाकूड’. तिन्ही ढोल मिळून होते ती कुएर्दा. निदान तीन माणसं हवीत. दोघांत कुएर्दा होत नाही.

अस्सल ढोल इथे मिळणं कठीण आणि मागवणं महाग. यात कमीपणा मानायचं कारण नाही. क्युबात रुंबा बंदरावरच्या मासळीच्या आणि मेणबत्त्यांच्या खोक्यांवर वाजला. पेरूत आफ्रिकन वंशजांनी लाकडी खोक्याचं काहोन हे वाद्य केलं. ढोल काढून घेतले तेव्हा ज्यांनी खोकी वाजवली, त्यांचंच हे संगीत आहे.

आमच्याकडची जुळणी अशी: चिकोसाठी रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा, पालथा. रेपीकेसाठी जाड प्लायवूडचं गुडघ्याइतकं खोकं. पियानोसाठी पन्नास लिटरचा निळा पिंप. डब्याच्या कडेला कापडी चिकटपट्टीचे तीन-चार वेढे द्या, नाहीतर तळव्याच्या हाडाला लागतं. काठी म्हणून हलकी टिपरी चालते, गोल आणि गुळगुळीत. मादेरासाठी प्रत्येक डब्याला बाहेरून लाकडाची एक पट्टी बांधा. हे सोडू नका, का ते पुढे येईल.

शेकोटी

जुन्या पद्धतीच्या ढोलांचं कातडं खिळ्यांनी ठोकलेलं असतं. ते ताणायला आग लागते. वाजवण्याआधी रस्त्याच्या कडेला लाकडं-कागद पेटवतात, ढोल तोंड आगीकडे करून आडवे ठेवतात आणि माणसं भोवती उभी राहतात. आपल्याकडे हलगी शेकतात तसंच. आता लोखंडी कड्यांचे ढोल आले, पान्याने आवळता येतात, तरी शेकोटी टिकून आहे. कारण त्या अर्ध्या तासात लहान पोरं ढोलांशी खेळतात, कुणाची आई आजारी आहे ते कळतं, भांडणं मिटतात किंवा लागतात.

प्लॅस्टिकच्या डब्याला आग दाखवू नका, उघड आहे. पण शेकोटीची वेळ मात्र ठेवा. आमचा वर्ग नव्वद मिनिटांचा असतो आणि पहिली पंधरा मिनिटं कुणी वाजवत नाही. डबे गोल मांडायचे, चिकटपट्ट्या तपासायच्या, टिपऱ्या वाटायच्या, बोलायचं. ‘आज कसं वाटतंय ते एकेकाने सांगा’ असली फेरी मी पूर्वी घ्यायचे. बंद केली. गोलात बसून पाळीपाळीने मन उघडं करायला सांगितलं की निम्मी माणसं खोटं बोलतात आणि उरलेली पुढच्या वेळी येत नाहीत. हात कामात असले की तोंड आपोआप चालतं.

त्यानंतर पाच मिनिटं गोष्ट, वीस मिनिटं चाल आणि मादेरा, पस्तीस मिनिटं ढोल, पाच मिनिटं शांतता. शेवटची दहा मिनिटं चहाला, आणि ही दहा कधीही कापू नका.

पहिले दोन आठवडे: नुसतं लाकूड

वादनाची सुरुवात सगळे मिळून मादेराने करतात. पियानोवाला काय, चिकोवाला काय, सर्वांच्या काठ्या लाकडावर. म्हणून आपल्या वर्गाची सुरुवातही तिथूनच.

सोळा मात्रा मोजा. ठोके पडतात १, ४, ७, ११ आणि १३ वर. एवढंच.

सोळा मात्रा ऐकल्या की तबला शिकलेला माणूस त्रितालाकडे धावतो. त्याला लगेच थांबवा. नववी मात्रा इथेही मोकळी आहे, पण ती खाली नव्हे. टाळी-खालीचा हिशेब इथे लावला की वादन ताठ होतं. मी तर तबलावाल्यांना आकडे सांगतच नाही, त्यांना आधी चालायला लावते. पाऊल १, ५, ९, १३ वर. चाल छोटी, पाय जमिनीला घासत, गुडघे किंचित सैल. पाय आणि मादेरा फक्त पहिल्या आणि तेराव्या मात्रेवर भेटतात. मधले तीन ठोके पावलांच्या फटीत पडतात. निघालो, भरकटलो, परत आलो, असं अंगाला वाटायला हवं. डोक्याला नंतर कळलं तरी चालेल.

पहिल्या दिवशी क्रम असा ठेवा: नुसती चाल, चालता चालता तोंडाने ‘ता’ म्हणत मादेरा, मग टाळीने, शेवटी काठीने लाकडावर. घाई करू नका. मिनिटाला साधारण ऐंशी पावलांहून जास्त वेग नको. ज्यांना चालता येत नाही त्यांनी बसून टाच आपटावी किंवा मांडीवर थाप द्यावी. आमच्या गटातल्या एका आजींनी सबंध दहा आठवडे खुर्चीत बसून मादेरा वाजवला आणि कुएर्दा त्यांच्यावर टेकून उभी राहिली.

कुणी चुकलं तर थांबवू नका. सांगा की काठी खाली घे, चालत राहा, ऐक आणि पुन्हा आत ये. पडणं आणि परत शिरणं ही या वर्गातली सर्वांत उपयोगी कला आहे, आणि ती पहिल्याच दिवशी शिकवावी लागते. थांबवून दुरुस्त केलेला माणूस पुढचे चार आठवडे तुमच्या तोंडाकडे बघत वाजवतो.

तिसरा ते पाचवा आठवडा: चिको

सगळ्यांना चिको. ज्याचा डोळा पियानोच्या पिंपावर आहे त्यालाही.

गटाचे दोन भाग करा. अर्धे पाऊल आणि टाळी, दर चार मात्रांना एक. उरलेले चिको, टाळीनंतरचे तीन ठोके. दोन मिनिटांनी न थांबता अदलाबदल. मग सूचना द्या की चिकोवाल्यांनी समोरच्या एका टाळीवाल्याकडे बघायचं, स्वतःच्या हाताकडे नाही. नजर वर गेली की घसरण निम्म्याने कमी होते. मग टाळी हळूहळू बारीक करत पूर्ण बंद करा, नुसती पावलं राहू द्या.

कंटाळा येईल. चौथ्या आठवड्यात कुणीतरी विचारतंच, ‘हेच का अजून?’ हो, हेच. मॉन्टेव्हिडिओत लहानपणापासून चिको वाजवणारी माणसं आहेत आणि त्यांना कुणी शिकाऊ समजत नाही. वीस मिनिटं न थांबता एकच चार मात्रांचं वर्तुळ धरलं की कंटाळ्याच्या पलीकडे एक जागा येते. खांदे उतरतात, श्वास लांबतो. ती जागा यायच्या आत तुम्ही ‘आता काहीतरी नवीन’ म्हणून वर्ग पुढे ढकललात तर ज्यासाठी लोक आले होते तेच हुकतं. माझ्या मते नवख्या शिक्षकाची सर्वांत मोठी चूक हीच.

पियानो आणि रेपीके

पियानो घाईने उरका असं म्हणायचं नाही, पण इथे मी हात आखडता घेते. त्याचं मूळ वादन वस्तीगणिक वेगळं आहे. बारिओ सुरचं कुआरेम, पालेर्मोचं आन्सिना, कोर्दोनचं गाबोतो, हे तीन मुख्य बाज. जाणकार दुरून ऐकून ओळखतात. ते लेखातून शिकवू नये. तुमच्या शिक्षकाकडून जो बाज मिळाला असेल तोच द्या आणि त्याचं नाव सांगून द्या. तोवर खर्जाची जागा भरायला मी पिंपावर फक्त पहिली आणि तेरावी मात्रा वाजवायला देते, आणि हा पियानो नाही, टेकू आहे, हे गटाला स्पष्ट सांगते.

रेपीके सातव्या आठवड्याच्या आत कुणाच्या हाती देऊ नका. एकदा मी दुसऱ्याच दिवशी दिला होता. तीन हौशी मंडळींनी तो ताब्यात घेतला आणि बाकीचे नऊ जण प्रेक्षक झाले.

या ढोलाला स्वातंत्र्य सर्वांत जास्त. तो बोलतो, हाक देतो, दुसरा रेपीके उत्तर देतो. मिरवणुकीलाच स्पॅनिशमध्ये ‘यामादा’ म्हणतात, म्हणजे हाक. उरुग्वेचा माणूस त्याचा उच्चार ‘शामादा’ करतो. पण गंमत बघा, दोन वाक्यांच्या मधे रेपीकेवाल्याने मादेरा धरायचा असतो. ज्याला बोलायची मुभा, त्याच्यावरच सर्वांचा पाया राखायची जबाबदारी. वर्गात याचा नियम करा: एक वाक्य, सोळा मात्रांचं, मग निदान सोळा मात्रा लाकडावर, त्या वेळात दुसऱ्याने उत्तर द्यायचं. लाकडाची पट्टी बांधा म्हटलं होतं ते यासाठी. या एका नियमाने जे कधी बोलत नाहीत ते बोलायला लागतात, कारण त्यांच्यासाठी रिकामी जागा राखलेली असते. आणि जे सारखे बोलतात त्यांना सोळा मात्रा ऐकावं लागतं. आमच्या सोसायटीच्या सभेतही हा नियम आणावा असं मला फार वाटतं.

बारा जणांत पाच चिको, तीन रेपीके, चार पियानो, अशी वाटणी बरी पडते. नवव्या आठवड्यापर्यंत प्रत्येकाने तिन्ही ढोल धरलेले असावेत.

बरं वाटणं, आणि सावधपणा

लंडनमध्ये मानसिक आरोग्यसेवा घेणाऱ्या लोकांबरोबर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला नव्वद मिनिटं, दहा आठवडे सामूहिक ढोलवादन. त्यात नैराश्य आणि चिंता कमी झाल्याचं, लोकांमध्ये मिसळण्याचं बळ वाढल्याचं दिसलं. आमचे दहा आठवडे तिथूनच घेतलेत. पण वाजवणारे जेमतेम तिसेक होते आणि वाद्य वेगळं होतं. तेव्हा भिंतीवर ‘ढोल-उपचार’ असा फलक लावू नका. गोळ्या बंद करायचा सल्ला तर चुकूनही नाही. तुम्ही ढोल शिकवता आहात. माणसाला त्यातून जे मिळेल ते त्याचं.

मोठा आवाज प्रत्येकाला सुखाचा नसतो. एका वर्गात सगळे रंगात आले होते, वेग चढत गेला, आणि एक ताई एकदम पांढऱ्याफटक पडल्या. त्या दाराकडे बघत होत्या आणि दारापाशी मी डबे रचून ठेवले होते. ती चूक माझी. त्या दिवसापासून दार मोकळं आणि उघडं असतं, एक खुर्ची बाहेर असते, आणि पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं की कुणीही, कधीही, न विचारता उठून जाऊ शकतं. बाहेर गेलेल्यामागे धावायचं नाही. सहायकाने पाण्याची बाटली घेऊन नुसतं जवळ उभं राहायचं. म्हणून सहायक हवाच, एकट्याने असा गट चालवू नये. डोळे मिटायला सांगू नका. रडणाऱ्याला मधे आणून त्याच्याभोवती वाजवणं वगैरे प्रकार मी पाहिलेत, आणि ते मला क्रूर वाटतात.

कांदोंबेत वेग आपोआप चढत जातो, तो त्याचा स्वभाव आहे. गटात घाबरलेली, खचलेली माणसं असतील तर आठव्या आठवड्यापर्यंत तो चढू देऊ नका. आणि वर नेलंत तर खाली आणायची जबाबदारी तुमची. ढोल एकदम तोडू नका. हात वर करून आधी रेपीके मादेरावर आणा, मग पियानो, मग चिको. सगळे लाकडावर आले की नुसती पावलं. मग उभे. ती पाच मिनिटांची शांतता इथे येते.

कानांचं गणित सोपं आहे. पंच्याऐंशी डेसिबल आठ तास चालतं; दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. शंभरला पोचलात की उरतात पंधरा मिनिटं. बंद सभागृहात बारा डबे शंभरच्या पुढे सहज जातात. फोमचे कानबोळे आणून ठेवा, स्वतः पहिले घाला, सतरंज्या भिंतीला टांगा. श्रवणयंत्र असलेल्यांना कोपऱ्यात बसवू नका, तिथे आवाज दुप्पट आदळतो. अंगठ्या-बांगड्या आधीच काढून ठेवायच्या. तळवा लाल झाला तर चालतं, मनगट दुखलं तर पद्धत चुकतेय.

आपल्याकडचे सिद्दी

आफ्रिकेतून समुद्रापार आलेली माणसं फक्त अमेरिकेत गेली नाहीत. मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी आपण शाळेत शिकतो, पण इतिहासाच्या पानावरून ते खाली उतरत नाहीत. गुजरातचे सिद्दी आजही गोमा वाजवतात-नाचतात. हा शब्द बांटू भाषांतल्या ‘न्गोमा’चा भाऊ, आणि न्गोमा म्हणजे ढोल, नाच आणि उपचाराचा विधी, तिन्ही एकदम. भरूच जिल्ह्यात रतनपूरला बावा गोर यांचा दर्गा आहे. बाधा झालेली, मनाने पिडलेली माणसं तिथे येतात आणि उभा, पायांचा मुगरमान ढोल तिथे वाजतो. उत्तर कन्नडच्या यल्लापूर-हल्याळकडचे सिद्दी तर कोकणी बोलतात. त्यांतल्या अनेकांचे पूर्वज गोव्याच्या पोर्तुगीज गुलामीतून निसटून घाटावर गेलेले.

म्हणून महाराष्ट्रात असा गट चालवणाऱ्याने एक बैठक सिद्दी कलाकारांसाठी ठेवावी. रीतसर बोलावून, प्रवासखर्च आणि मानधन आधी ठरवून, आणि काय वाजवायचं, काय नाही ते त्यांच्यावर सोडून. दर्ग्यापुढे जे वाजतं ते सभागृहात वाजवायचं नाही असं ते म्हणाले तर विषय तिथे संपला. आणि गोमा व कांदोंबे एकत्र वाजवून ‘फ्यूजन’ करू नका. दोघांची आजी एका खंडातली असली तरी घरं वेगळी आहेत. पैशाचं सांगायचं तर आम्ही फीचा दहावा हिस्सा बार्सिलोनातल्या आमच्या शिक्षिकेला पाठवतो. किती द्यायचं ते तुम्ही ठरवा, पण आकडा पहिल्या दिवशी गटासमोर बोलून टाका.

दहावा आठवडा

शेवटच्या दिवशी मंचावर कार्यक्रम करू नका. चाला. मॉन्टेव्हिडिओत रविवारी कुएर्दा गल्लीतून निघते तेव्हा शेजारी मागे चालतात, कुणी दारातून बघतं, कुणी नाचतं; प्रेक्षक आणि वादक यांच्यात दोरी नसते. आम्ही सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर दोन फेऱ्या मारतो. आठवडाभर आधी प्रत्येक मजल्यावर चिठ्ठी, वेळ संध्याकाळी पाच ते पावणेसहा, परीक्षांचे दिवस टाळून, आजारी माणसाच्या खिडकीखाली नुसता मादेरा. जड पिंप दोघांनी मिळून हातगाडीवर न्यायचे. मागच्या वेळी वॉचमन काकांनी फाटकाच्या गजावर काठीने १, ४, ७, ११, १३ बरोब्बर धरलं. दहा आठवडे ते दाराबाहेर बसून ऐकत होते.

आणि एक काम दर आठवड्याचं. कुणी आलं नाही तर त्याचा डबा गोलातून काढू नका, तिथेच राहू द्या. दुसऱ्या दिवशी त्याला फोन करा. का आला नाहीस, असं विचारू नका. काल एक चिको कमी पडला, एवढं सांगा आणि पुढच्या वर्गाची वेळ कळवा.